चाळीस दिवसांचं पथ्य

आमच्या गावाचं नाव सांगत नाही. कुरुंद्याहून सात किलोमीटर, एवढं पुरे. गावाला दोन गोष्टींचा अभिमान होता, हळदीचा आणि हळदीच्या रंगाचा. हळद शेतातून यायची. रंग गोणीतून यायचा.

मी तिथल्या कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायचे. मेंडेलिव्हची सारणी भिंतीवर, लवणांच्या बाटल्या कपाटात आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे. राहायला खुर्शीदबींच्या घराच्या मागच्या दोन खोल्या. त्या एकट्या होत्या, ऐकायला कमी यायचं आणि बोलायला भरपूर. रोज सकाळी तांड्यावरची जमनाबाई शेळीचं दूध घेऊन यायची. दूध माझ्या पातेल्यात ओतायची, मापावर अर्धी पळी जास्त घालायची आणि "तुमी लई वाळल्या म्याडम" म्हणून जायची.

जमनाबाई उत्तमरावांच्या पॉलिशच्या ड्रमवर कामाला होती. हळद उकडून, वाळवून झाली की हळकुंडं जाळीच्या मोठ्या पिंपात घालून मोटरवर फिरवतात. साल आणि माती घासून खाली पडते, हळकुंड गुळगुळीत होतं. उत्तमराव शेवटच्या फेरीला त्यात मूठमूठ रंग टाकायचे. त्यात लपवण्यासारखं त्यांना काही वाटत नसे. व्यापाऱ्याला पिवळीधमक हळद लागते आणि जमीन तेवढी पिवळी देत नाही, हा जमिनीचा दोष. तो दुरुस्त करायला माणूस असतो.

शेवटच्या फेरीची भुकटी ड्रमखाली गोळा व्हायची. मातीची नाही, सोन्यासारखी. ती दर शनिवारी ड्रमवरच्या मुख्य बाईला मिळायची. मजुरीचा भाग म्हणून नाही, मान म्हणून. उत्तमराव स्वतः पितळी परातीत घालून द्यायचे. बारा वर्षं तो मान जमनाबाईचा होता. तिच्या मागे सोजराबाई उभी असायची, परातीकडे बघत. वर्षभराची हळद जमनाबाईच्या घरी अशी यायची. भाजीत ती, दुधात ती, लेकराच्या खरचटलेल्या गुडघ्यावरही तीच.

लेकरू म्हणजे पूजा. जमनाबाईची नात, पाच वर्षांची. तिचे आईबाप, प्रेमसिंग आणि त्याची बायको, ऊसतोडीला साखर कारखान्यावर गेलेले. पूजा आजीबरोबर दूध घालायला यायची आणि पायरीवर बसून राहायची. त्या वर्षी, म्हणजे दोन हजार चारच्या जानेवारीत, ती जरा जास्तच बसून राहायला लागली. पोट दुखतं म्हणायची. चार-चार दिवस शौचाला होत नव्हतं. खुर्शीदबींच्या भिंतीची माती नखानं काढून खायची.

"जंत हायत," जमनाबाई म्हणाली.

"नजर है," खुर्शीदबी म्हणाल्या.

मी पूजाला तोंड उघडायला सांगितलं. हिरड्यांच्या कडेला निळसर काळी रेघ होती, पेन्सिलीनं ओढल्यासारखी. ही रेघ मी एकदाच पाहिली होती, एम. एस्सी.च्या पुस्तकात, आणि परीक्षेला येणार नाही म्हणून ते पान सोडून दिलं होतं.

आम्ही तिघी नांदेडला गेलो. लहान मुलांच्या डॉक्टरांनी रक्त घेऊन मुंबईला पाठवलं. दोन आठवड्यांनी पुन्हा गेलो तेव्हा आकडा आला होता, अठ्ठावन्न. दहाच्या आत असायला हवा होता. शिसं. डॉक्टरांनी औषध दिलं, लोहाच्या गोळ्या दिल्या आणि जमनाबाईकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाले, "औषध देऊन भागणार नाही. हे रोज कुठून तरी पोटात जातंय. ते शोधा आणि बंद करा. एवढ्या लहान मुलीत हा आकडा आणखी वाढला तर झटके येतील, मग माझ्या हातात फार काही राहणार नाही. दीड महिन्यानं पुन्हा तपासू."

परतीच्या एसटीत जमनाबाईनं विचारलं, "शिसं म्हंजी ते गोफणीच्या गोळीचं?"

"तसलंच."

"एवढंसं लेकरू. गोळी कुटं बसली असंल?"

ती थट्टा करत होती की नाही, हे मला तेव्हा कळलं नाही. जमनाबाईच्या बाबतीत मला बरंच काही उशिरा कळलं.

*

पूजाच्या अंगात शिसं निघालं, ही बातमी आठ दिवसांत गावभर झाली आणि नवव्या दिवशी गावात प्रत्येकाच्या अंगात शिसं होतं. कुणाची कंबर धरली होती, ते शिसं. कुणाचा जावई बायकोला नांदवत नव्हता, तेही शिसंच, जावयाच्या अंगातलं. सरपंचांना भाषणाच्या वेळी घाम यायचा. आजवर आजाराला नाव नव्हतं म्हणून लोक नाइलाजानं बरे होत होते. आता सोय झाली.

उत्तमरावांना गावाची काळजी वाटली. ते मनानं उदार होते. शाळेला पंखे त्यांनीच दिले होते. त्यांनी शिबिर भरवलं. पॉलिशच्या शेडपुढे मांडव पडला आणि फलक लागला: शरीरातील शिसे, पारा व सर्व जड धातू पायावाटे बाहेर! धातुवैद्य ओमप्रकाशजी यांचे वनौषधी शिबिर. सात दिवस. सौजन्य, उत्तमराव.

ओमप्रकाशजी पन्नाशीचे, गोरे, स्वच्छ पांढऱ्या कपड्यातले. त्यांची पद्धत सोपी होती. हिरडा, बेहडा, आवळा यांचा गरम काढा, त्यात चिंचेचं पाणी. तो ओतायचा गवंड्याच्या लोखंडी घमेल्यात. त्यात अर्धा तास पाय सोडून बसायचं. हळूहळू पाणी निळं-काळं व्हायचं, शेवटी काजळासारखं.

"देखिए," ओमप्रकाशजी म्हणायचे, "तुमच्या अंगात काय काय होतं ते."

लोक घमेल्यात वाकून बघायचे आणि समाधानानं मान हलवायचे. ज्याचं पाणी जास्त काळं तो जास्त वेळ बोलायचा. उत्तमरावांच्या बंधूंचं फारसं काळं झालं नाही, कारण त्यांचं घमेलं नवीन, रंग न गेलेलं होतं. ते दिवसभर कुणाशी बोलले नाहीत.

एकानं प्लास्टिकचा टब आणला होता. त्याला परत पाठवलं. लोखंडच लागतं, कारण लोखंड शिशाला खेचतं, असं ओमप्रकाशजी म्हणाले. लोखंडच लागतं हे खरंच होतं. हिरड्यातलं तुरट द्रव्य आणि लोखंड एकत्र आलं की काळी शाई होते. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या दप्तरं तिनं लिहिली गेली. शिबिराच्या पहिल्याच दिवशी जेवढी शाई नालीत ओतली, तेवढीत तालुक्याचा सातबारा लिहून झाला असता.

घमेल्याचं मला एवढं वाईट वाटलं नाही. त्यात पाय स्वच्छ होत होते. वाईट चूर्णाचं वाटलं. प्रत्येकाला शिसेहर चूर्णाची पुडी मिळायची: धने, हिरडा आणि एक तृतीयांश हळद. दिवसातून तीनदा, मुलांना अर्धा चमचा, दुधातून. हळद स्थानिक, ताजी. सौजन्य, उत्तमराव.

पूजाची पुडी जमनाबाईनं मला दाखवायला आणली. उन्हात धरली तेव्हा ती पिवळी दिसली नाही, पेटलेली दिसली.

"तुझ्या घरची हळद कुठली?" मी विचारलं.

"हीच की. भुकटीची. गावात अशी हळद कुनाच्या घरी न्हाई," ती म्हणाली. आवाजात मान होता.

"थोडी आणून दे."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी मी प्रयोगशाळा उघडली. चूर्ण आणि भुकटी वेगवेगळ्या मुशीत जाळून राख केली, राख आम्लात विरघळवली, गाळली आणि किपच्या उपकरणातून त्यात वायू सोडला. बारावीची मुलं लवण ओळखायला हेच करतात. सडक्या अंड्याचा वास सुटला. शेजारच्या वर्गात शिक्षक-पालक सभा चालू होती, ती लवकर संपली. चूर्णाच्या नळीत काळा साका खाली बसला. भुकटीच्या नळीत त्याच्या चौपट. दुसऱ्या अभिकारकानं खात्री केली. शिसंच. रंगाच्या गोणीत काय होतं ते आता कळलं.

म्हणजे पूजाच्या पोटात शिसं घालणारी वस्तू आणि काढणारी वस्तू एकाच ड्रमखालून येत होती. गावानं तिचा डोस तेवढा वाढवला होता.

मी दोन्ही नळ्यांना बूच लावलं आणि संध्याकाळी तांड्यावर गेले. जमनाबाई शेळी बांधत होती. मी सगळं सांगितलं. सोपं करून सांगितलं, दोनदा सांगितलं. नळी दाखवली. तिनं ती हातात घेऊन उजेडात धरली, हलवली, परत दिली.

"हे भुकटीतून निगालं?"

"हो. तुझ्या डब्यातल्या. ती आजपासून बंद कर. आणि शनिवारी मालक देतील ती घेऊ नकोस."

"घेऊ नको?" ती हसली. "म्याडम, काहून असं बोलून राहिल्या? बारा वरसं परात पुढं येती. न्हाई म्हनता येत न्हाई."

"विष आहे ते, जमनाबाई."

"तुमी म्हनता तं असंल. पर मालकाला काय सांगू? तुमच्या हातानं इख देता म्हनून?"

"हो, तेच सांग."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी वर्गात एखाद्या मुलाकडे बघते, ज्यानं पूर्ण उत्तर पाठ केलंय पण प्रश्न वाचलेला नाही. मग शेळीला पाला टाकायला वळली. पूजा खाटेवर पोट धरून आडवी पडली होती. मी घरी आले ती मनातल्या मनात अज्ञान, अंधश्रद्धा, शिक्षणाचा अभाव असे शब्द जुळवत. ते मला फार सहज जुळले.

मी उत्तमरावांकडेही गेले. त्यांनी नळी बघितली, कौतुक केलं, चहा मागवला. "रंग मार्केटचा हाय म्याडम. सगळे टाकतात. अन् शिसं निगालं तर घाबरायचं काय? शिबिर त्याच्यासाठीच तर हाय." मी अन्न खात्यालाही अर्ज केला. खात्याचं उत्तर फार नंतर आलं. त्यात अर्ज मिळाल्याचं कळवलं होतं.

उरला सार्वजनिक मार्ग. मी ठरवलं, निदान घमेल्याचं बिंग फोडायचं. ते एकदा खोटं ठरलं की चूर्णावरचाही विश्वास उडेल. तर्क शुद्ध होता. मी जमनाबाईला म्हटलं, शेळी घेऊन मांडवात ये.

शिबिराच्या चौथ्या दिवशी, भर गर्दीत, मी शेळीचे पुढचे दोन पाय घमेल्यात उभे केले. तिनं आधी थोडा काढा पिऊन बघितला, मग मान फिरवली. वीस मिनिटांत पाणी काळंभोर.

"बघा," मी म्हणाले, "शेळीचे पाय घातले तरी काळं होतं. कुणाचेच पाय घातले नाहीत तरी होईल. हे शिसं नाही, ही शाई आहे."

सगळे घमेल्यात वाकले. मग मागून एक म्हातारा म्हणाला, "आयला, शेळीच्या अंगात बी लई हाय की."

"म्हनून दूध आटलं व्हय!" दुसरा म्हणाला.

ओमप्रकाशजींनी शेळीच्या पाठीवर हात ठेवला. "मुके जीव. बोलू शकत नाहीत. मॅडमजींनी आज आपले डोळे उघडले."

दुसऱ्या दिवसापासून बैलांची वेगळी रांग लागली.

*

पाचव्या दिवशी पूजाला उलट्या झाल्या. मी दुपारी शिबिरात गेले. ओमप्रकाशजी मांडवामागे जेवत होते. भाकरी, पिठलं, कांदा. मी समोर बसले आणि दोन्ही नळ्या ताटाशेजारी ठेवल्या.

"चूर्णात शिसं आहे. हळदीतून आलंय. ही भुकटीतली नळी, त्या मुलीच्या घरची. रोज पोटात जातंय. मी तांड्यावर सांगितलं, मालकांना सांगितलं. कोणी ऐकत नाही."

त्यांनी नळ्या बराच वेळ पाहिल्या. मला वाटलं होतं, चिडतील. त्यांनी पिठल्याकडे पाहिलं, ताट थोडं लांब सरकवलं आणि हात धुतले.

"मला धने-हिरड्याचं कळतं," ते म्हणाले. "हळद इथल्या साहेबांनी दिली. बैठिए. तुम्ही लोकांना काय म्हणालात?"

"विष आहे, खाऊ नका."

"वहीं तो गलती हुई. विष म्हटलं की माणूस विचारतो, कुणी घातलं? मग भांडण. भांडण कुणाला परवडतं? पथ्य म्हटलं की माणूस एवढंच विचारतो, किती दिवस?"

सहा वर्षं विद्यापीठात घालवून मला हे कोणी शिकवलं नव्हतं.

"चाळीस दिवस," ते म्हणाले. "पॉलिशची हळद आणि भुकटी बंद. ज्यानं पाय बुडवले त्यानं आणि त्याच्या घरच्या सगळ्यांनी. घरी कुटलेली चालेल. जिसने खाई, उसका निकला हुआ शिसा वापस. चूर्णातून हळद काढतो, धने वाढवतो. धन्याला कोण विचारतं?"

"धन्यानं शिसं निघत नाही."

"येतही नाही ना?" ते म्हणाले. हा मुद्दा बिनतोड होता. "पण मॅडमजी, माझंही एक काम. तुमच्या शेळीनंतर कॉलेजची पोरं मागे उभी राहून हसतात. परवा समारोप आहे. तुम्ही पहिल्या रांगेत बसा. घमेल्यात पाय सोडून."

मी उठून मांडवाच्या टोकापर्यंत गेले. पलीकडे ड्रम फिरत होता आणि जमनाबाई पदरानं तोंड बांधून हळकुंडं ओतत होती. मागे सावलीत पोत्यावर पूजा निजली होती. इतक्या आवाजात कोणतंही बरं असलेलं मूल झोपलं नसतं.

मी परत आले. "माझं घमेलं जुनं घ्या," मी म्हणाले. "नव्याला रंग असतो. पाणी काळं व्हायला वेळ लागतो."

समारोपाला मी पहिल्या रांगेत बसले, साडी घोट्याच्या वर धरून. डावीकडे सरपंच, उजवीकडे मुख्याध्यापक. माझं पाणी मांडवात सगळ्यात काळं झालं. टाळ्या वाजल्या. "शिकलेल्या मानसात जास्त असतं," मागून कुणीतरी सांगितलं. फोटो निघाला. पुढच्या गावच्या फलकावर तो छापला गेला, खाली: प्रा. सौ. वसुधा टोम्पे, एम. एस्सी. (केमिस्ट्री), यांनाही गुण आला. मी प्राध्यापक नाही, सौभाग्यवतीही नाही. बाकी मजकूर बरोबर होता.

मग ओमप्रकाशजींनी पथ्य सांगितलं. मांडवातून एकच प्रश्न आला.

"किती दिस?"

*

हळदीच्या गावात हळद बंद झाली. कुणाला नवल वाटलं नाही. पथ्याला नवल कशाचं? कालवणं पांढरी झाली. ज्यांच्या घरी कुटलेली हळद होती त्यांच्याकडे शेजारणी वाटी घेऊन यायला लागल्या. खुर्शीदबी दर वर्षी स्वतः शेतातून ओली हळद आणून उकडून, वाळवून कुटायच्या. त्यांची हळद मातकट, तपकिरी दिसायची म्हणून आजवर लोक हसायचे. आता त्या डबा उघडताना बोलून घ्यायच्या. "अब आए? तब तो बोलते थे, खुर्शीदबी हल्दी नहीं, मिट्टी खाती है."

उत्तमराव शनिवारी परात घेऊन उभे राहायचे, बायका हात जोडायच्या. "पथ्य हाय मालक." ते काय बोलणार? पथ्य त्यांच्याच सौजन्यानं आलेलं. त्यांच्या स्वतःच्या घरीही पाळत होते. सोजराबाई तेवढी हुशार. तिनं परात घेतली. आता खायची नाही, भरून ठेवायची, पथ्य सुटल्यावर कामाला येईल म्हणाली. पाच शनिवारची भुकटी तिच्या डब्यात गेली.

एप्रिलच्या मध्यावर पूजाचं रक्त पुन्हा मुंबईला गेलं आणि अखेरीस आम्ही तिला घेऊन नांदेडला गेलो. आकडा आला होता. एकतीस. डॉक्टर म्हणाले, "छान उतरलं. कुठून येतंय ते सापडलं वाटतं. तसंच चालू ठेवा." पूजा परतीच्या एसटीत खिडकीशी भांडत होती. तिला ती उघडायची होती, खिडकीला उघडायचं नव्हतं.

मी मात्र तारखा मोजत होते. समारोपाला चाळीस दिवस उद्या पूर्ण होत होते. एकतीस म्हणजे अजून तिप्पट. औषध चालू होतं, पण डॉक्टरांच्या शब्दांत तेवढ्यानं भागणार नव्हतं. ओमप्रकाशजी विदर्भात कुठंतरी पारा काढत होते. आणि परवा शनिवार होता.

तांड्याच्या फाट्यावर उतरल्यावर मी जमनाबाईला थांबवलं. कितीतरी दिवस जुळवलेलं भाषण होतं. "हे बघ जमनाबाई, पथ्य उद्या संपतंय. पण तू डबा उघडू नकोस. मी हात जोडते तुला."

"कोंचा डबा?"

"भुकटीचा."

"तो तं मी तवाच पुरला."

"कधी?"

"तुमी ती नळी घिऊन आल्त्या ना, त्याच दिशी. तुमी गेल्या अन् मी टिकाव घेतला. उकिरड्यावर टाकली अस्ती, पर कोंबड्या टोचतात. घरामागं कंबरभर खड्डा केला. त्या वैद्याची पुडी बी त्यातच. त्याच्यामागनं त्या शनिवारची बी."

मी पूजाकडे पाहिलं. "मग उलट्या का झाल्या तिला?"

"शिबिराच्या गावजेवनात जिलेबी खाल्ली तिनं. सात."

"पण मला तू का नाही सांगितलंस? मी विचारलं तेव्हा म्हणालीस, नाही म्हणता येत नाही."

"मंग? येतं का?" जमनाबाईनं पूजाला कडेवर घेतलं. "परात परत केली तं मालक इचारंल काहून. म्हनलं इख हाय, तं ड्रमवर सोजराबाई. म्हनून घ्यायची अन् पुरायची. तुमाला सांगितलं अस्तं तं तुमी साऱ्या गावात सांगितलं अस्तं, जमनाला पटलं म्हनून. तुमाला खरं बोलायची लई सवय हाय."

मी एवढंच म्हणाले, "म्हणजे मी घमेल्यात पाय घातले ते..."

"ते बरंच झालं की. मह्या एकटीचं भागलं होतं, बाकीच्यांचं कुटं? दर शनिवारी पुरायचं म्हंजी हात दुखले अस्ते मव्हे. पथ्य आलं अन् घ्यायचीच बंद झाली. मालकाला बी वाईट वाटलं न्हाई." ती हसली. "तुमचं पानी लई काळं झाल्तं म्याडम. मी मागंच हुभी होते."

पूजाही हसली. तिच्या हिरड्यांवरची रेघ फिकट झाली होती, पण होती.

दोन पावलं चालून जमनाबाई थांबली. "पर उद्या सुटतंय पथ्य. सोजराबाई डबा उघडंल. मोठा हाय, गळ्यापर्यंत भरला. तिच्या घरी तीन लेकरं हायत. बाकीच्या बी शनिवारी परातीला जातील. त्या वैद्याला म्हनावं, वाढवून दे."

"तो कुठं आहे कुणास ठाऊक."

"मंग तुमी हाय की इथंच," जमनाबाई म्हणाली.

*

शुक्रवारी सकाळी मी प्रयोगशाळेत हिरडा उकळला आणि त्यात लोखंडाचं लवण घातलं. सुरेख निळी-काळी शाई उतरली. बारावीची चार मुलं सुट्टीतल्या जादा तासाला आली होती, त्यांना मी ही क्रिया वहीत लिहून घ्यायला लावली. समीकरणासकट. एकीनं विचारलं, "मॅडम, हे तर शिबिरातलं पाणी दिसतंय." मी म्हणाले, "हो, तेच आहे." ती वहीकडे बघून हळूच हसली. तेवढं मला पुष्कळ झालं.

दुपारी मी ओमप्रकाशजींच्या पुडीवरचा पत्ता वरच्या बाजूला उतरवून त्याच शाईनं पत्र लिहिलं. चिरंजीव पूजास पॉलिशची हळद व ड्रमची भुकटी आजन्म वर्ज्य. घरातील सर्वांनी पाळावे. घरी कुटलेली चालेल. खाली ओमप्रकाशजींची सही, ठसठशीत. आयुष्यात मी केलेली ही पहिली खोटी सही. मजकुरात मात्र एक शब्द खोटा नव्हता.

शनिवारी जमनाबाईनं ते उत्तमरावांना दाखवलं. त्यांनी ते वाचलं, कपाळाला लावलं आणि परत दिलं. मग परात सोजराबाईकडे वळवली.

त्या संध्याकाळी जमनाबाई माझ्या दारात आली. बरोबर सोजराबाई होती, तोंड उतरलेली, पदरात धाकट्या नातवाचा हात. मागे ड्रमवरच्या आणखी पाच जणी पायऱ्यांवर बसल्या. खुर्शीदबी कौतुकानं बघत दारात उभ्या होत्या.

"हिच्या नातवाचं पोट दुखून राहिलं," जमनाबाई म्हणाली. "हिला म्हनलं, वैद्यानं म्याडमकडं कोऱ्या चिठ्ठ्या ठेवल्या हायत."

सोजराबाईनं भरलेला डबा पायरीवर ठेवला. मी तो आत घेतला, कपाटात ठेवला आणि किल्ली फिरवली. शाईची बाटली काढली. पोराचं नाव विचारलं आणि लिहायला बसले.

जमनाबाई माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. तिला वाचता येत नव्हतं.

"म्याडम," ती हळूच म्हणाली, "अक्षर जरा वाईट काढा. वैद्याचं एवढं साफ नसतं."